झाडे वाढली, पण कोणामुळे? पश्चिम ऑस्ट्रेलियातील चराऊ पट्टे आणि कार्बन शेतीचे धोरण

पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यात सुमारे ८ कोटी ७० लाख हेक्टर जमीन, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचा साधारण एक तृतीयांश भाग, चराईसाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांखाली आहे. या जमिनीची मालकी शासनाकडे असून पट्टेदाराला तिच्यावर जनावरे पाळण्याचा हक्क आहे. तिच्यावरची झाडे त्याची नाहीत आणि जमिनीखालची खनिजेही त्याची नाहीत. केंद्र सरकारने २०११ मध्ये कार्बन शेतीचा कायदा केला आणि जमिनीवर वाढलेल्या झाडांत साठलेल्या कार्बनला बाजारभाव मिळू लागला, तेव्हा या पट्ट्यांबाबत एक सरळ दिसणारा, पण उत्तराला फार अवघड प्रश्न उभा राहिला. मेंढ्या पट्टेदाराच्या, झाडे शासनाची, तर त्या झाडांनी हवेतून शोषून घेतलेला कार्बन कोणाचा? या प्रश्नाला राज्याने दिलेले उत्तर, त्या उत्तराआड राहून गेलेला दुसरा प्रश्न आणि त्याचे परिणाम हा या प्रकरणाचा विषय आहे.

‘कुरण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे गवत येते. राज्याच्या दक्षिणेकडील चराऊ प्रदेशाचे, म्हणजे मर्चिसन, गॅस्कॉइन आणि गोल्डफील्ड्स या भागांचे चित्र तसे नाही. लाल माती, खुरटी झुडपे, मल्गा नावाच्या बाभूळवर्गीय झाडांचे विरळ रान आणि वर्षाकाठी साधारण २०० ते २५० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, असा हा मुलूख आहे. एका पट्ट्याचा विस्तार लाखो हेक्टरांत मोजला जातो आणि कुंपणापेक्षा पाण्याची ठिकाणेच जनावरांच्या हालचाली ठरवतात.

जमिनीची पूर्वस्थिती

ही जमीन कार्बनचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून थकलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्या आल्या, पहिल्या काही दशकांत त्यांची संख्या जमिनीच्या कुवतीबाहेर वाढली आणि १९३० च्या दशकातील दीर्घ दुष्काळात मेंढ्यांबरोबर बहुवार्षिक झुडपेही मोठ्या प्रमाणावर मेली. १९४० मध्ये राज्याने या व्यवसायाच्या आर्थिक अवस्थेची शाही आयोगामार्फत चौकशी केली. गॅस्कॉइन नदीच्या पाणलोट क्षेत्राची पाहणी होऊन १९७२ मध्ये जो अहवाल आला, त्याने तेथील धूप गंभीर असल्याचे नोंदवून काही जमिनीवरून जनावरे पूर्णपणे काढण्याची शिफारस केली. पुढे फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकरीची आधारभूत किंमत योजना कोसळली आणि त्याच सुमारास लोकरीच्या सुमारे ४७ लाख गाठी गोदामांत पडून राहिल्या. जंगली कुत्र्यांच्या वाढत्या उपद्रवाने मर्चिसनमध्ये मेंढीपालन आणखी अवघड केले आणि मोकाट शेळ्यांचे कळप मात्र वाढत राहिले. २०१७ मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी चराऊ जमिनींच्या प्रशासनावर अहवाल दिला आणि जमिनीची अवस्था जपण्यास ही व्यवस्था पुरेशी नसल्याचा निष्कर्ष काढला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की पट्टेदारापुढे कार्बनचा पर्याय आला, तेव्हा तो तोट्यातल्या व्यवसायाला मिळालेले नवे उत्पन्न म्हणून आला आणि शासनापुढे तो आला तेव्हा पाऊणशे वर्षे न सुटलेल्या अतिचराईच्या प्रश्नावर परक्या पैशाने होणारा उपाय म्हणून आला. दोन्ही पक्षांना तो हवाच होता. ज्या व्यवहारात दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी असते, त्या व्यवहारात ती गोष्ट तपासून पाहण्याची घाई कोणालाच नसते.

पद्धत आणि तिचे गणित

केंद्राच्या योजनेत हवेतून काढलेल्या किंवा हवेत जाण्यापासून रोखलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट मिळते. योजनेचा कारभार क्लीन एनर्जी रेग्युलेटर ही केंद्रीय नियामक संस्था पाहते. २०१३ मध्ये सरकार बदलल्यावर पुढच्या वर्षी योजनेला उत्सर्जन घट निधीचे रूप मिळाले, त्यासाठी २५५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद झाली आणि एप्रिल २०१५ च्या पहिल्या लिलावात सरकारने सुमारे ४ कोटी ७० लाख टनांची खरेदी सरासरी १३.९५ डॉलर दराने ठरवली. चराऊ प्रदेशांत सर्वाधिक वापरली गेलेली पद्धत २०१३ ची, देशी वनाच्या मानवप्रेरित पुनरुज्जीवनाची होती. तिच्यात झाडे लावायची नसतात. जमिनीत आधीच असलेले बी, मुळे आणि रोपे यांना जे काही दाबून ठेवत आहे, ते दूर करायचे, म्हणजे जनावरे हटवायची किंवा त्यांच्या चराईची वेळ व प्रमाण आवरायचे, मोकाट प्राण्यांचा बंदोबस्त करायचा, रोपे यंत्राने किंवा रसायनाने नष्ट करणे थांबवायचे आणि वन आपोआप उभे राहू द्यायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही मोबदला मिळणारी चराईबंदी आहे, फक्त ती बहुधा अंशतः असते.

वन म्हणजे काय, याची व्याख्या ठरलेली आहे. किमान ०.२ हेक्टर क्षेत्र, दोन मीटर किंवा त्याहून उंच झाडे आणि २० टक्के छत्राच्छादन. प्रकल्प सुरू होताना त्या तुकड्यावर वन नसावे, पण तेथे वन होण्याची क्षमता असावी, अशी अट आहे. क्रेडिट मिळण्याचा काळ २५ वर्षांचा असतो. साठलेला कार्बन किती काळ राखायचा, यासाठी २५ किंवा १०० वर्षे असे दोन पर्याय आहेत. २५ वर्षांचा पर्याय घेतला तर २० टक्के कपात होते आणि जोखमीपोटी आणखी ५ टक्के राखून ठेवले जातात, म्हणजे १०० टनांमागे ७५ क्रेडिट हातात येतात. कार्बन किती साठला हे प्रत्येक झाड मोजून ठरत नाही. ते फुलकॅम नावाच्या संगणकीय प्रतिमानातून काढले जाते. प्रतिमान असे गृहीत धरते की दाब दूर झाल्यावर एका वयाचे वन ठरावीक गतीने वाढत जाते.

या एका गृहीतकावर पुढचा सगळा वाद उभा आहे, पण आधी राज्याच्या कायद्यातील गाठ पाहू.

घरमालकाची संमती

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९९७ च्या भूप्रशासन कायद्यानुसार चराऊ पट्ट्याची जमीन चराईखेरीज अन्य कामासाठी परवान्याशिवाय वापरता येत नाही. जनावरांची किमान व कमाल संख्या ठरवण्याचा अधिकारही त्या व्यवस्थेत चराऊ जमिनींवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे आहे. म्हणजे एका कायद्याने जनावरे पाळ म्हणून जमीन दिली होती आणि दुसरा कायदा जनावरे कमी कर म्हणून पैसे देऊ पाहत होता. शिवाय केंद्राच्या कायद्यात कार्बन साठवणाऱ्या प्रकल्पासाठी जमिनीत हितसंबंध असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती लागते. पट्ट्याच्या जमिनीत शासनाचा हितसंबंध सर्वांत मोठा असल्यामुळे राज्याच्या भूमिमंत्र्यांची संमती मिळाल्याशिवाय प्रकल्प पुढे सरकत नव्हता. केंद्राकडे सशर्त नोंदणीची सोय असल्यामुळे काही प्रकल्प नोंदले गेले, परंतु संमतीअभावी अडकून राहिले. पूर्वेकडे, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात कोबार आणि बर्कच्या परिसरात आणि क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येकडील मल्गा प्रदेशात, तोवर असे प्रकल्प मोठ्या संख्येने उभे राहिले होते आणि पश्चिमेचे पट्टेदार त्यांच्याकडे पाहून अस्वस्थ होत होते.

राज्याने २०१९ मध्ये दक्षिणेकडील चराऊ प्रदेशातील पुनरुज्जीवन प्रकल्पांना संमती देण्यास सुरुवात केली. कायद्याची अडचण या युक्तिवादाने ओलांडली गेली की या पद्धतीत चराई थांबत नाही, ती आवरली जाते, म्हणून प्रकल्प चराऊ पट्ट्याच्या हेतूशी विसंगत नाही. कायदेशीरदृष्ट्या हा मार्ग सोयीचा होता. मात्र त्यातून एक विसंगती जन्मली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले असे मला वाटत नाही. राज्याला संमती देण्यासाठी हे म्हणावे लागते की पट्ट्यावरील चराईत मूलभूत बदल होत नाही आणि केंद्राकडून क्रेडिट घेण्यासाठी पट्टेदाराला हे म्हणावे लागते की चराईत झालेल्या बदलामुळेच वन उभे राहिले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पण ती खरी असण्यासाठी चराईतील लहानसा बदल आणि झाडांतील मोठा बदल यांचे नाते फार घट्ट असावे लागते.

संमतीचे महत्त्व केवळ शिक्क्यापुरते नव्हते. साठलेला कार्बन नष्ट झाला आणि क्रेडिट परत केले गेले नाहीत, तर नियामक त्या जमिनीवर कार्बन राखण्याचे बंधन लादू शकतो आणि ते बंधन जमिनीबरोबर चालते. पट्टा ठरावीक मुदतीचा असतो. राज्यातील बहुतेक चराऊ पट्ट्यांचे १ जुलै २०१५ रोजी नूतनीकरण झाले. पट्टा संपला, विकला गेला किंवा पट्टेदार दिवाळखोर झाला, तरी जमीन शेवटी शासनाकडेच येते. म्हणून भूमिमंत्र्यांनी संमतिपत्रावर सही केली तेव्हा शासनाने केवळ भाडेकरूला परवानगी दिली नाही, तर भाडेकरू निघून गेल्यावर उरणारी जबाबदारीही डोळसपणे स्वीकारली, असे मानावे लागेल. ती किती डोळसपणे स्वीकारली, हे झाडे खरोखर कशामुळे वाढत होती यावर अवलंबून आहे.

पाऊस की शेळी

अर्धशुष्क प्रदेशात झाडांची वाढ मुख्यतः पावसावर ठरते. २०१० ते २०१२ या काळात ला निनामुळे ऑस्ट्रेलियात विलक्षण पाऊस झाला आणि २०११ मध्ये पृथ्वीवरील जमिनीने नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन शोषला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्या अतिरिक्त शोषणाचा सर्वांत मोठा वाटा दक्षिण गोलार्धातील अर्धशुष्क प्रदेशांचा, त्यातही ऑस्ट्रेलियाचा होता. त्यासाठी कोणी जनावरे हटवली नव्हती. उलट कोरड्या वर्षांत हाच साठा पुन्हा घटतो. अशा जागी एखाद्या तुकड्यावर मल्गाची दाटी झाली, तर ती मोकाट शेळ्या पकडल्यामुळे झाली की योग्य वेळी झालेल्या दोन पावसाळ्यांमुळे, हे त्या एका तुकड्याकडे पाहून सांगता येत नाही. शेजारी, प्रकल्पाबाहेरच्या तशाच जमिनीत काय घडले, हे पाहावे लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. चराई झाडांना दाबते, हे पद्धतीचे गृहीत. मेंढ्या-शेळ्या कोवळी रोपे खातात, पाण्याच्या ठिकाणांजवळ नवी झाडे उगवूच देत नाहीत, हे खरेच आहे. परंतु पूर्व ऑस्ट्रेलियातील चराऊ भागांत गेल्या शतकभर उलट तक्रार होत आली आहे. जास्त चराईमुळे गवत संपते, गवत नसले की वणवा पसरत नाही, वणवा नसला की झुडपे माजतात आणि कुरणच झुडपांखाली जाते. न्यू साउथ वेल्समध्ये अशा देशी झुडपांना आक्रमक ठरवून ती काढण्याची तरतूद नियमांत करावी लागली. म्हणजे एकाच चराईमुळे काही ठिकाणी झाडे कमी होतात आणि काही ठिकाणी वाढतात. ज्या प्रतिमानाला फक्त पहिली दिशा ठाऊक आहे, ते दुसऱ्या दिशेने झालेली वाढही पहिल्या दिशेच्या खात्यात जमा करणार. येथे कोणी लबाडी केली पाहिजे असेही नाही. प्रत्येक जण नियमानुसार वागला, तरी हिशेब चुकू शकतो.

मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील पर्यावरण कायद्याचे प्राध्यापक अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी हा आक्षेप जाहीरपणे मांडला. ते पूर्वी याच योजनेच्या पद्धतींची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे बाहेरच्या टीकाकाराची टीका म्हणून ती बाजूला सारता आली नाही. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८२ पुनरुज्जीवन प्रकल्पांतील झाडोऱ्याची उपग्रहीय माहिती शेजारच्या जमिनींशी ताडून पाहिली. जवळपास चार-पंचमांश प्रकल्पांत वृक्षाच्छादनातील बदल नगण्य किंवा उणा दिसला आणि जो बदल झाला तो बव्हंशी प्रकल्पाबाहेरही तसाच झाला होता. त्या वेळी या प्रकारच्या प्रकल्पांचे एकूण क्षेत्र सुमारे ४ कोटी २० लाख हेक्टर होते आणि त्यातील क्रेडिट मिळणारे क्षेत्र ३४ लाख हेक्टरांच्या आसपास. नियामक संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. उपग्रहीय वर्गीकरणात विरळ झाडांची हळूहळू होणारी वाढ टिपली जात नाही आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या टप्पा-तपासणीत प्रकल्प अपेक्षित मार्गावर आहेत की नाहीत हे पाहिले जाते, असा तिचा प्रतिवाद होता. वृक्षांची वाढ दिसते आहे, असे स्वतंत्र परीक्षणाच्या आधारे तिने सांगितले.

या वादात एक गोष्ट निसटते. टप्पा-तपासणी मुख्यतः ‘झाडे वाढत आहेत का’ हे विचारते, तर आक्षेप ‘झाडे प्रकल्पामुळे वाढली का’ हा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असले, तरी दुसरा प्रश्न जागच्या जागी राहतो. दोन्ही पक्ष आपापल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत असतील, तर वाद मिटण्याची शक्यता कमीच.

आढावा, बाजार आणि भूहक्क

२०२२ मध्ये नवे केंद्र सरकार आल्यावर माजी मुख्य वैज्ञानिक इयन चब यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा झाला. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या अहवालाने योजनेची चौकट मूलतः योग्य ठरवली आणि १६ शिफारसी केल्या, त्या सरकारने तत्त्वतः स्वीकारल्या. पुनरुज्जीवनाची पद्धत मुदत संपून ३० सप्टेंबर २०२३ पासून नव्या प्रकल्पांना बंद झाली, मात्र आधी नोंदलेल्या प्रकल्पांना क्रेडिट मिळत राहते. दुसरीकडे जुलै २०२३ पासून वर्षाला एक लाख टनांहून अधिक थेट उत्सर्जन करणाऱ्या मोठ्या उद्योगांची मर्यादा दरवर्षी ४.९ टक्क्यांनी खाली आणण्याचा नियम लागू झाला आणि ही घट भरून काढण्यासाठी त्यांना क्रेडिट विकत घेण्याची मुभा राहिली. क्रेडिटचा भाव २०२२ च्या सुरुवातीला ५० डॉलरच्या वर गेला होता. मार्चमध्ये सरकारने जुने विक्री करार मोडून बाहेर पडण्याची वाट मोकळी केल्यावर तो काही दिवसांतच ३० डॉलरच्या आसपास उतरला. १४ डॉलरचा करार करून बसलेल्या पट्टेदारासाठी ही घसरणसुद्धा वाढच होती. परंतु क्रेडिटचा खरीददार आता करदाता नसून स्वतःचे उत्सर्जन त्याच्या आधारावर चालू ठेवणारा उद्योग असतो, तेव्हा चुकीच्या क्रेडिटची किंमत वाया गेलेल्या अनुदानापुरती राहत नाही, ती हवेत गेलेल्या खऱ्या टनांत मोजावी लागते.

आदिवासींच्या पारंपरिक भूहक्काबाबत, ज्याला तेथे नेटिव्ह टायटल म्हणतात, प्रकरणाने दिलेला धडा वेगळ्या प्रकारचा आहे. १९९६ च्या विक खटल्यात उच्च न्यायालयाने चराऊ पट्ट्यामुळे हा हक्क आपोआप नष्ट होत नाही असा निर्णय दिला होता आणि मर्चिसनमध्ये वजारी यमात्जी लोकांच्या हक्काला २०१७ मध्ये न्यायालयीन मान्यता मिळाली. केंद्राच्या कायद्यात अशा हक्कदारांची संमतीही लागते, परंतु सशर्त नोंदणीमुळे प्रकल्प आधी नोंदून संमती नंतर मागितली जाई. गुंतवणूकदार आलेला, क्षेत्र आखलेले, करार झालेले, आणि मग सही मागायची, अशा परिस्थितीत नकार देणे किती कठीण असते, हे सांगायला नको. चब आढाव्याने ही सोय काढून टाकण्याची शिफारस केली. पूर्वी मागितली जाणारी आणि नंतर मागितली जाणारी संमती कागदावर सारखीच दिसते, पण तिचे वजन सारखे नसते.

राज्याने २०२३ मध्ये भूप्रशासन कायद्यात दुरुस्ती करून विविध वापरांसाठी नव्या प्रकारचा पट्टा आणला. त्यात चराईबरोबर किंवा तिच्याऐवजी कार्बन, अक्षय ऊर्जा, संवर्धन असे वापर करता येतात आणि पारंपरिक भूहक्क अबाधित राहतो. २०१९ च्या युक्तिवादातील ताण या पट्ट्याने कायदेशीर पातळीवर सुटतो, कारण चराई बदलत नाही असे म्हणण्याची गरज उरत नाही. पण जुने प्रकल्प जुन्याच चराऊ पट्ट्यांवर आहेत आणि त्यांच्या संमत्या जुन्याच युक्तिवादावर उभ्या आहेत.

शासन येथे एकाच वेळी जमिनीचे मालक, चराईचे नियंत्रक आणि कार्बन शेतीचे प्रोत्साहक आहे. त्यासाठी राज्याने १ कोटी ५० लाख डॉलरचा स्वतंत्र कार्यक्रमही चालवला. या तिन्ही भूमिकांना उपयोगी पडणारी एक गोष्ट राज्याच्या हातात आधीपासून आहे. १९९० च्या दशकापासून राज्यभर कायम ठरवलेल्या जागी बहुवार्षिक वनस्पतींची पुन्हा पुन्हा नोंद करणारी निरीक्षण व्यवस्था चालू आहे. तिच्या जागा प्रकल्पांच्या आत आहेत तशा बाहेरही आहेत. कार्बनचा हिशेब दोन मीटरवरील झाडांचा असतो, ही व्यवस्था मात्र झुडपे आणि गवतही मोजते, म्हणजे जमीन सुधारली की केवळ झाडावली, हे सांगू शकते. संमतिपत्रात एक अट घालता आली असती, की पट्टेदाराने प्रकल्पाच्या आतल्या व बाहेरच्या अशा ठिकाणांची, जनावरांच्या आणि मोकाट शेळ्यांच्या संख्येची आणि पावसाची नोंद एकत्र ठेवावी आणि ती जाहीर करावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या व २५ वर्षांचा पर्याय निवडलेल्या प्रकल्पाचे बंधन २०४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालेल. त्या मुदतीत आणखी दुष्काळ येतील, आणखी ला निना येतील आणि प्रत्येक वेळी झाडोरा वरखाली होईल. तेव्हा नियामकाने क्रेडिट परत मागितले, तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंची ही नोंद ज्याच्याजवळ असेल, त्यालाच बोलता येईल, आणि पट्टेदार निघून गेला असेल, तर ते शासनालाच बोलावे लागेल.